नमुन्याची गोधडी

आर्णीच्या बसस्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक शटर, एक मशीन, एक कॉम्प्युटर आणि भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. पाटीवर 'येथे सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील' असं लिहिलेलं आहे. त्यामुळे आजूबाजूच्या गावांत माझं खरं नाव कोणाला माहीत नाही, सगळे 'ऑनलाइनवाली बाई' म्हणतात. पीकविमा म्हणू नका, जातीचा दाखला म्हणू नका, पोलीस भरती म्हणू नका, सगळं माझ्या हातून जातं. लोकांना वाटतं, कॉम्प्युटरमधलं हिला सगळं कळतं. मलाही तसंच वाटायचं. त्याच तोऱ्यात मी आत्याच्या गोधड्या ऑनलाइन विकायला काढल्या.

आत्या म्हणजे माझी सासू. ती माझ्या वडिलांची चुलत बहीण, म्हणून लग्नाआधीही आत्या आणि नंतरही आत्याच. सासूपणा करायला तिला कधी जमलंच नाही. रागावली की अबोला धरायची, आणि तासाभरानं स्वतःच चहाचा कप आणून माझ्यापुढे आपटायची, की झालं भांडण संपलं. आर्णीहून स्कूटीवर ये-जा करण्याइतक्या अंतरावर आमचं खेडं. आम्हाला शेत नाही. सासरे मी घरात येण्याआधीच वारलेले, नवरा आर्णीच्या कापसाच्या जिनात फिटर, आणि आत्या गावची गोधडीवाली. नुसत्या आमच्याच गावची नाही, आसपासच्या गावांतल्या बाया बोचकी घेऊन तिच्याकडे यायच्या.

तिची कामाची एक पद्धत होती, आणि ती तिनं कोणासाठी मोडल्याचं मी पाहिलं नाही. अंगणातल्या दोरीवर कायम एक गोधडी टांगलेली असायची. तो नमुना. बाई यायची, नमुना उलटापालटा करून बघायची, 'अशी पायजे' म्हणायची आणि घरी जाऊन आपली जुनी लुगडी, धोतरं, विरलेल्या चादरी घेऊन यायची. कापड ज्याच्या त्याच्या घरचं, आत्याचे फक्त टाके. नमुना आमच्या घरच्या कापडाचा, त्यामुळे तो विकायचा प्रश्नच नव्हता. एखाद्या नवख्या बाईनं मागितलाच तर आत्या हसायची आणि म्हणायची, "आमच्या घरचे फडके तू कायले पांघरतं वो?"

कापड आलं की तिचा पहिला प्रश्न ठरलेला. "पांघरन कोन?"

मला आधी वाटायचं, ही उगाच चौकशा करते. पण त्याला कारण होतं. म्हातारं माणूस असेल तर ती थर कमी घालायची, कारण जड गोधडीनं छाती दबते. बाळंतिणीची असेल तर सगळ्यात मऊ पातळ आतल्या बाजूला. सासरी जाणाऱ्या पोरीची असेल तर तिच्या आईच्या लुगड्याचा काठ उशाकडे यायला हवा. तीन कोपरे शिवून झाले की चौथा कोपरा ती हात जाईल एवढा उघडा ठेवायची. न्यायला आलेल्या माणसासमोर पुन्हा एकदा विचारायची, पांघरणाऱ्याचं नाव ऐकायची, आणि ते नाव पुटपुटत लाल दोऱ्यानं तो कोपरा बंद करायची. नाव घेतलं की गोधडी त्या माणसाची झाली. बिननावाची गोधडी तिच्या घरातून कधी बाहेर गेली नाही.

घरात आणखी एक माणूस होतं, तिची मुलगी, माझी नणंद. माझ्याहून वर्षभरानं लहान. दुकानात ती माझ्यासोबत बसायची. टायपिंग माझ्यापेक्षा झपाझप, आणि गिऱ्हाइकांशी बोलायला माझ्यापेक्षा गोड, म्हणून लोक मला सोडून तिच्याकडेच कागद द्यायचे. तिला सिकलसेल होता. रक्ताचा हा आजार आमच्या भागात कितीतरी घरांत आहे. जरा थंडी बाधली की हातापायाच्या सांध्यांत अशा कळा यायच्या, की तिचे ओठ पांढरे पडायचे. तिला पाहायला आलेली दोन स्थळं तिचं दवाखान्याचं कार्ड बघून चहा अर्धा टाकून उठली होती. "चाहा तरी पुरा प्याचा होता, साखर महाग हाय," असं म्हणून तीच आम्हाला हसवायची.

आमच्या दोघींचं भांडण एकाच गोष्टीवरून, पंख्यावरून. मी चालू करायची, ती बंद करायची. एप्रिलमध्ये आर्णीत रस्त्यावरचं डांबर चपलांना चिकटतं, अशातही ही ओढणी गळ्याभोवती गुंडाळून बसलेली. "वहिनी, पंखा बंद कर वो, हाडात शिरते हवा," म्हणायची. मी घामानं निथळत बंद करायची आणि ती उठून झेरॉक्सला गेली की पुन्हा चालू करायची. आता पंखा दिवसभर चालू असतो. कोणी बंद कर म्हणत नाही, आणि मला त्याचा फार त्रास होतो.

ती कापसाची वाईट वर्षं होती. शेत नसलेल्या घराला कापसाशी काय देणंघेणं, असं बाहेरच्याला वाटेल. पण कापूस बसला की आर्णीत हॉटेलातली भजी उरतात, बांगड्यावाल्याच्या दुकानात माशा बसतात, शिंपी मशीनवर हात ठेवून रस्त्याकडे बघत बसतो. गुलाबी बोंडअळी पडली त्या साली जिन आधी रडतखडत चालली आणि मग बंद पडली. नवरा पुण्याकडे एका कंपनीत गेला, तो सणासुदीला येऊ लागला. लग्नं कमी झाली, झाली तीही उरकल्यासारखी. गोधडी शिवून मागायला बाया येईनात. आठवडी बाजारात वाघाचं चित्र असलेली गुबगुबीत ब्लँकेटं आली होती, लोक तीच घ्यायचे. खरा वाघ झरी जामणीकडच्या जंगलात असतो म्हणतात, आमच्या गावात मात्र घरोघर एकेक वाघ दोरीवर वाळत पडलेला असायचा. आत्या त्यांना बघून नाक मुरडायची.

त्याच हिवाळ्यात नणंदेच्या कळा वाढल्या. आत्यानं तिच्यासाठी गोधडी शिवायला घेतली. तिच्याच साड्या काढल्या. चौदा एप्रिलला नेसायची ती निळी, विहारात जायची ती पांढरी, आणि दुकानात नेसून नेसून विरलेल्या दोन फुलाफुलांच्या. नुसत्या साड्यांनी भागणार नाही म्हणून तिला मध्ये कापसाचा थर हवा होता. चांगला कापूस आमच्याकडे कुठून येणार? शेजारच्या घरी अळीनं खाल्लेला, पिवळा पडलेला कवडी कापूस कोपऱ्यात पडला होता, कोणी विकत घ्यायला तयार नव्हतं. त्या घरच्या बाईनं टोपलंभर आणून दिला. आत्या अंगणात बसून बोटांनी एकेक सरकी काढायची, अळीचा काळा कचरा वेचायची, आणि उरलेला पांढरा भाग मांडीवर पसरून ठेवायची. नणंद खाटेवरून म्हणायची, "आई, अळीनं उष्टा केलेला कापूस मले पांघरवतं काय?" आत्या म्हणायची, "अळीले चांगलंच आवडते. वाईट कापूस थे बी खात नाही."

गोधडी होत आली. तीन कोपरे शिवून झाले. चौथा राहिला, तेव्हा नणंदेला ताप चढला आणि आम्ही तिला यवतमाळच्या दवाखान्यात नेलं. निघताना मी म्हटलं, गोधडी सोबत घेऊ. आत्या म्हणाली, "कोपरा उघडा हाय. आल्यावर पांघरन." ती आली, पण तशी नाही.

मरणानंतरचं पुण्यानुमोदन झालं, माणसं पांगली. आत्यानं गोधडीची घडी घालून ती पेटीत तळाशी ठेवली. कोपरा तसाच. अंगणातली दोरी रिकामी झाली, कारण जुना नमुना तिनं रडत रडत कोणा भिकारणीला, तिचं नाव विचारून, देऊन टाकला होता. त्यानंतर तिनं सुई हातात धरली नाही. नाही म्हणायला रोज दुपारी दारात बसून सुईत दोरा ओवायची, बघायची, आणि पुन्हा काढून ठेवायची. मुलीचं नाव तर तिनं तोंडातून काढलंच नाही. बोलायची वेळ आली तर 'थे' म्हणायची, 'तिचं' म्हणायची, पण नाव नाही. असं वर्ष गेलं. मला ते बघवेना. पैशाची नड होती हेही खरं, पण त्याहून मला त्या ओवलेल्या आणि काढलेल्या दोऱ्याची भीती वाटायची.

म्हणून मी साइट शोधायला लागले. दुकानात गिऱ्हाईक नसलं की बघायची आणि संध्याकाळी घरी येऊन आत्याला सांगायची. ती खाटेवर, मी उंबऱ्यात, मध्ये मोबाइल. पहिली साइट फार मोठी, टिकल्यांपासून टीव्हीपर्यंत सगळं विकणारी. तिथं जीएसटी नंबर लागत होता, पण ते मी जमवलं असतं. अडलं ते दुसरीकडेच. मी वाचून दाखवलं की गिऱ्हाइकाला माल पसंत पडला नाही, तर तो अमुक दिवसांत परत करू शकतो.

"पांघरून पाहून वापस करन?" आत्यानं विचारलं.

"हो. पसंत नाही पडली तर."

"मंग नको. लोकाईच्या झोपेचं आपल्या घरात कायले आनतं?"

ती साइट गेली. दुसरी होती घाऊक मालाची. तिथले व्यापारी विचारत होते की एकसारखे किती नग देऊ शकाल. मी आत्याला सांगितलं की त्यांना सगळ्या एकाच रंगाच्या, एकाच मापाच्या गोधड्या हव्यात. आत्यानं माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "एकासारखे एक मानसं कुठी पाह्यले त्यानं?" म्हणाली. तीही गेली. फेसबुकवर नुसतेच फोटो टाकायचं मी सुचवलं, तर तिला ते चौकात साडी वाळत घालण्यासारखं वाटलं.

तिसरी साइट फक्त हातानं केलेल्या वस्तूंची. फोटो सुंदर, अक्षरं बारीक, आणि किमती बघून माझे डोळे पांढरे झाले. मी अर्ज भरला, तर तिथल्या एका बाईचा दुकानात फोन आला. हिंदी छान बोलत होती. वस्तूसोबत कारागिराची कहाणी द्यावी लागते, म्हणाली. मग आवाज हळू करून तिनं विचारलं, "आप यवतमाल से हैं ना? तो घर में किसी किसान ने..."

मी तिला मध्येच तोडलं. म्हटलं, आमच्याकडे शेतच नाही, तर शेतकरी कुठून येणार? माझा नवरा पुण्यात आहे, जिवंत आहे, आणि काल रात्रीच माझ्याशी भांडलाय. मग ती म्हणाली की ठीक आहे, कारागिराबद्दल दुसरं काहीही चालेल. नणंदेबद्दल मी तिला एक अक्षर सांगितलं नाही. तिचं मरण मला असं कुठल्या किमतीच्या खाली लिहायचं नव्हतं.

फोन ठेवला तेव्हा माझा राग मावळला नव्हता. पण साइट हीच बरी आहे, हे मला कळत होतं. तिथं वस्तू परत येत नव्हती. एकसारखे नग मागत नव्हते, उलट प्रत्येक वस्तू वेगळीच हवी, असा त्यांचा नियम होता. मी तो आत्याला वाचून दाखवला, तेव्हा ती पहिल्यांदा खाटेवर नीट उठून बसली. "हे बरोबर हाय," म्हणाली. "फोटो पाह्यतीन आन मंग मागतीन?"

"हो. फोटोत दिसते अगदी तशीच द्यावी लागते. फरक चालत नाही."

"तशीच देऊ. त्यात काय हाय?"

दुसऱ्या दिवशी मी कॉम्प्युटरवर खातं उघडलं आणि संध्याकाळी घरी फोटो काढायला बसले. माझ्याकडे होती आमच्याच वापरातली एक गोधडी, कडेला उसवलेली. मी ती झटकत होते, तेवढ्यात आत्या आत गेली. पेटीचं झाकण वाजलं. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात नणंदेची गोधडी होती. तिनंच ती दोरीवर टाकली, निळी बाजू समोर केली, सुरकुत्या हातानं काढल्या. "ह्या फडक्याचा कायले काढतं? हिचा काढ," म्हणाली. "इच्यासारखं काम माह्या हातून दुसरं झालं नाही."

मी तिच्याकडे बघत राहिले. वाटलं, हिनं मन घट्ट केलं. आता मी मध्ये काही बोलले तर पुन्हा पेटी लागेल, म्हणून गप्प राहिले. संध्याकाळचं ऊन निळ्या साडीवर पडलं होतं, टाक्यांच्या ओळी स्पष्ट उठून दिसत होत्या. फोटो फार चांगले आले. मी ते टाकले, वर्णन लिहिलं आणि 'एकच नग उपलब्ध' या चौकोनात खूण केली. आत्या माझ्या खांद्यावरून सगळं बघत होती.

ऑर्डर यायला फार वेळ लागला नाही. मोबाइल वाजला तेव्हा आत्या अंगणात तांदूळ निवडत होती. मी ओरडतच बाहेर गेले. तिचा चेहरा इतका उजळला की मला वर्षभराचं सगळं वसूल झाल्यासारखं वाटलं. तिनं सूप बाजूला ठेवलं, सुयांची डबी काढली आणि म्हणाली, "मंग सांग त्याईले, लुगडे पाठवा म्हना. पांघरन कोन, थे बी इचारजो."

तेव्हा कुठं मला समजलं, की तिच्या लेखी तो नमुना होता. आयुष्यभर ती दोरीवर नमुना टाकत आली आणि लोक आपलं कापड आणत आले. मोबाइल तिला दुसरी दोरी वाटली, जरा लांबवर दिसणारी. आणि मी, फॉर्म भरून देणारी, सगळं कळणारी, मला वाटलं की ती मुलीची गोधडी विकायला काढते आहे.

"आत्या," मी म्हटलं, "त्यांनी हीच घेतली आहे. फोटोतली."

तिला पटकन कळलं नाही. मग कळलं. "नमुना कोनी इकते का वो?" एवढंच ती म्हणाली, आणि सुयांची डबी बंद केली.

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता रद्द करते. नियमाप्रमाणे पहिलीच ऑर्डर नाकारली तर खातं बंद होणार होतं, तेही मी सांगितलं, कारण लपवून काय करणार? होऊ दे बंद, दुसरी साइट बघू, म्हटलं. ती घरात गेली. पेटी उघडल्याचा आवाज आला, पण बंद झाल्याचा आला नाही. बऱ्याच वेळानं आतून तिनं विचारलं, "घेनारं कुठचं हाय?"

"हैदराबादचं दिसतंय."

"पांघरन कोन, थे इचार. मंग सांगतो मी."

साइटवर गिऱ्हाइकाशी बोलायला एक चौकोन होता. मी हिंदीत लिहिलं की आमच्याकडे गोधडी देताना पांघरणाऱ्याचं नाव विचारायची पद्धत आहे, तर कृपया सांगाल का. मनातून मला वाटत होतं, एखाद्या लेकीसाठी असावी. होस्टेलवर जाणारी एखादी पोरगी, थंडीला भिणारी. तसं उत्तर आलं तर आत्या विरघळेल आणि देईल, असं मी स्वतःशीच ठरवून टाकलं होतं.

उत्तर दुसऱ्या दिवशी दुकानात असताना आलं. त्यांचं नवं ऑफिस होतं. गोधडी तिथल्या भिंतीवर लावायची होती. कोणी अंगावर घेणार नाही, त्यामुळे मळण्याची काळजी नको, असंही आवर्जून लिहिलं होतं. वाचून माझं डोकं फिरलं. जिच्यासाठी टोपलंभर अळीचा कापूस निवडला, तिला ती मिळाली नाही, आणि आता मिळणार कोणाला, तर भिंतीला? मी मोबाइलवर ऑर्डर रद्द करायचं पान उघडून ठेवलं, शटर ओढलं आणि घरी आले. आत्या शिव्या घालेल, मी बटण दाबीन आणि हा विषय संपेल, असं मला वाटत होतं.

आत्या शिव्या देईना. आधी तर ती हसलीच. "भितीले कायची थंडी वाजते?" म्हणाली. मग हसू गेलं. "कोनीच नाही पांघरनार?"

"कोणीच नाही."

"एखांद्या टायमाले बी?"

"नाही म्हणतात. नुसती टांगून ठेवणार."

ती खाटेच्या काठाशी बोटानं चाळा करत बसली. मी वाट बघत उभी होते, अंगठा बटणाशी. शेवटी ती म्हणाली, "मंग जाऊ दे."

मला वाटलं, माझ्या कानात बिघाड झाला. मी जवळजवळ तिच्यावर खेकसलेच, की आत्या, भिंतीला देता? त्यावर तिनं जे सांगितलं ते मी अजून विसरू शकत नाही. "पांघरनारं कोनी असतं, त त्याचं नाव घ्या लागलं असतं. नाव घेतलं का त्याची झाली असती. मले थे होत नाही. भितीचं काय नाव घेतं? कोनीच नाही पांघरत, मंजे तिचीच राह्यली." मग म्हणाली, "अथी पेटीत काय करते? अंधारात हाय बापा वर्षभरापासून. तिले मानसं लागत जाय भवताल."

तिनं गोधडी मांडीवर घेतली. उघड्या कोपऱ्यातून हात आत घातला आणि कापसाचा थर शेवटपर्यंत चाचपून पाहिला, कुठे गोळा झाला नाही ना. सुईत लाल दोरा ओवला. या वेळी तो काढला नाही. पहिला टाका घालताना तिचे ओठ हलले आणि मी वर्षभरानं नणंदेचं नाव ऐकलं. एकदा नाही, प्रत्येक टाक्याला. हळूहळू आवाज मोठा होत गेला, शेवटी तर तिला हाक मारावी तशी ती हाका मारत होती. मी न्हाणीघरात जाऊन बादलीत नळ सोडला आणि पोटभर रडले.

पार्सल बांधायला मी दुकानात नेणार होते, तर आत्या म्हणाली, मी बी येतो. स्कूटीवर मागे बसली, गोधडी छातीशी धरून. दुकानात शिरल्या शिरल्या मी पंखा लावला, तर तिनं वर पाहिलं आणि तो बंद करायला लावला. कुरिअरवाला येईपर्यंत दोघी घामाघूम होऊन बसलो. तो आला, त्यानं पार्सल तोलून बघितलं, चिकटपट्टी बरोबर लागली आहे ना ते पाहिलं आणि मोटरसायकलला बांधून घेऊन गेला. आत्या रस्त्यावर जाऊन तो वळेपर्यंत उभी होती.

त्यानंतर तिनं काम सुरू केलं, हे खरं. कापड गिऱ्हाइकाचं हवं, या तिच्या अटीवरून साइटवाल्या बाईशी माझी बरीच झकाझकी झाली, पण काही लोक खरंच आपल्या आयांच्या साड्या पाठवू लागले. सोबत पांघरणाऱ्याचं नावही. घरात पुन्हा दोऱ्याचे तुकडे पडायला लागले, आणि मी झाडताना कुरकुरायला लागले.

असंच एका संध्याकाळी साइटवर हैदराबादचा अभिप्राय आला. चांगलं लिहिलं होतं, काम अप्रतिम आहे, एका कोपऱ्याला दोरा वेगळ्या रंगाचा आहे पण त्यातही मजा आहे, वगैरे. सोबत फोटो होता. मी तो मोठा करून आत्याच्या हातात मोबाइल दिला. गुळगुळीत पांढरी भिंत, खाली काचेचं टेबल, आणि मध्ये ताणून लावलेली आमची निळी गोधडी. खूप देखणी दिसत होती. आत्या बराच वेळ बघत राहिली. तिनं बोटानं लाल कोपरा शोधला. मग बोट वर सरकलं.

"हे वर पांढरं काय होय वो?"

"एसी आहे आत्या."

"बँकेत रायते तसा?"

"हो."

तिचा चेहरा बदलला. "अव माय, थेट अंगावर येत असन तिच्या," ती म्हणाली. "लिही त्याईले. बंद करा म्हना. तिले थंडी सोसत नाही."

मी तो चौकोन उघडला. ऑर्डर पूर्ण झाल्यामुळे आता संदेश पाठवता येणार नाही, असं तिथं लिहिलेलं होतं. चौकोन राखाडी पडला होता. मी तरी बोटं चालवली, एक अक्षर उमटेना. आत्या माझ्या तोंडाकडे बघत होती.

"लिहिलं?"

"लिहिलं."

"काय म्हनते?"

"बंद करतो म्हणाले."

मग तिनं विचारलं, "रातचा बी?"

"हो आत्या," मी म्हटलं. "रातचा बी."